उंदरांच्या डोळ्यांतलं लाल पाणी

या विषयावर मी आजवर शंभरदा तरी बोलले असेन. शिबिरांत, कॉलेजांच्या कट्ट्यांवर, एकदा तर सातपूरला कारखान्याच्या गेटसमोर, शिफ्ट सुटताना, टेम्पोत उभी राहून. आणि तरी खरी गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. आईला नाही, चळवळीतल्या मैत्रिणींना नाही. तुम्ही पहिले.

एवढं आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही अंदाज बांधत बसणार नाही. एक माणूस आहे. तो कित्येक वर्षं समजून चालला आहे, की एक मोठी चूक त्याच्या हातून झाली. ती त्याच्या हातून झालेली नाही. ती चूकही नव्हती. ते मी केलं होतं — जाणूनबुजून, शुद्धीत, दिवसाढवळ्या. कसं, ते सांगते. पण माझ्या पद्धतीने सांगते. दुसरी पद्धत मला येत नाही. आधी आम्ही जिंकलो कसे, ते ऐका.

कारण आम्ही जिंकलो होतो! हे मात्र खोटं नाही. असा विजय मी पुन्हा पाहिला नाही.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी वीस-एकवीस वर्षांची, नुकतीच बी.एस्सी. झालेली, नाशिकमधल्या एका छोट्या संघटनेची कार्यकर्ती. आमचे विलासदादा आम्हाला पत्रकं लिहायला शिकवायचे. त्यांचे नियम ठरलेले. मथळा चार शब्दांचा, चित्र एकच, शत्रू एकच. ‘कदाचित’ हा शब्द दिसला की खोडायचा. “अगं, माणूस पत्रक हातात धरतो ते फक्त कचऱ्याच्या पेटीपर्यंत,” दादा म्हणायचे. “तेवढ्या दहा पावलांत त्याचं डोकं तापलं पाहिजे!” ह्या शाळेत मी पहिली आले. आजही मला तीन ओळींत कुणाचंही डोकं तापवता येतं — हवं तर ही बढाई समजा.

शहरातल्या एका कॉलेजात मागच्या बाजूला पत्र्याच्या छपराच्या दोन खोल्या होत्या. तिथे पेंढारकर मॅडम उंदरांची डोकी उघडतात, असं आमच्या कानावर आलं. आत जाऊन पाहिलेलं कुणीच नव्हतं. मॅडमना नोंदी ठेवायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मी गेले. संघटनेचं नाव सांगितलं नाही. तुम्हाला वाटेल, हीच कबुली. नाही! तो डावपेच होता, आणि तो मला आजही मान्य आहे. बंद दाराआड काय चालतं, ते पाहायला दाराला विचारून कोण जातं?

आत काय होतं? दोन ओळी पिंजरे, पांढरे उंदीर, आणि रंगनाथमामा. मामा तिथले शिपाई. घरची शेती मखमलाबादच्या बाजूला — झेंडू, मेथी, कोबी. सकाळी डब्याबरोबर मामांच्या पिशवीत गाजराचे शेंडे असायचे, उंदरांसाठी. मॅडमना ते चालायचं नाही. “मामा, त्यांचा आहार मोजून असतो,” त्या म्हणायच्या. मामा म्हणायचे, “मी कुठं देतो, मॅडम? पडतं हातातून.”

मॅडमचा प्रश्न साधा होता. एकदा शिकलेलं सोडून नवं शिकायला मेंदूचा कोणता भाग लागतो? त्यांनी एक लाकडी गल्ली करून घेतली होती, पुढे जाऊन तिला डावं-उजवं अशी दोन तोंडं. एका तोंडाशी भाजलेल्या शेंगदाण्याचा तुकडा. वासाने कळू नये म्हणून दोन्हीकडे दाण्याचं कूट चोळलेलं. पहिले काही दिवस नियम एकच — दाणा नेहमी डावीकडे. उंदीर हे चटकन शिकायचे. मग मॅडम नियम बदलायच्या. आता डावं-उजवं विसरा. ज्या बाजूला खाली गोणपाट, त्या बाजूला दाणा. आणि गोणपाट कधी इकडे, कधी तिकडे.

काही उंदरांचा कपाळामागचा मेंदूचा बारीकसा भाग भूल देऊन निकामी केलेला होता. प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात त्याला. बाकीच्यांचं डोक्याचं कातडं नुसतंच उघडून शिवलेलं. कोण कुठला, ते मला माहीत नसायचं. माहीत असलं की पेन्सिल लबाडी करते, असं मॅडम म्हणायच्या. मी पडद्याआड बसून रेघा मारायची. बरोबर, चूक, चूक, बरोबर.

पहिला नियम सगळेच सारखे शिकले. गंमत पुढे होती. नियम बदलला, की काही उंदीर डावीकडे जातच राहायचे. डावीकडे काही नाही. हुंगायचे, परत यायचे, आणि पुन्हा डावीकडे! वीस वेळा, तीस वेळा. ते आंधळे नव्हते, मठ्ठही नव्हते. कधीकाळी तिथे दाणा मिळाला होता, आणि त्यांना थांबता येत नव्हतं.

आणि मग अकरा नंबर. शेपटीवर शाईने अकरा रेघा, म्हणून अकरा नंबर. तोही आधी चुकला, सारखा चुकला. मग एका दुपारी गल्ली जिथे डावी-उजवी फुटते तिथे येऊन तो थांबला. नुसता थांबला. मिश्या डावीकडे लावल्या, उजवीकडे लावल्या — आणि वळला गोणपाटावर! पुढच्या वेळी पुन्हा गोणपाट. पुन्हा. दहा वेळा ओळीने बरोबर. मॅडमचा नियम होता, खोलीत शिंकायचंसुद्धा नाही. मामांनी मांडीवर थाप मारली आणि ओरडले, “जिंकला! ताई, जिंकला गडी!” मॅडम रागवायच्या ऐवजी हसत सुटल्या, आणि मीही उभी राहून टाळ्या पिटत होते. हेर होते ना मी? तरी पिटत होते. इतका लहानसा जीव, आणि त्याने आपली मेहनतीने लावलेली सवय मोडून काढली होती. मोर्च्यात हजार माणसं घोषणा देतात तेव्हा अंगावर काटा येतो ना? तस्साच काटा.

पण मी काटा आणायला गेले नव्हते. पुरावा आणायला गेले होते.

आणि पुरावा होता, बरं का. खरा होता. एप्रिल-मे महिन्यांत त्या पत्र्याखाली उंदीर पाय ताणून पडायचे, एक-दोन मेलेही. पिंजऱ्यांना खाली जाळी, तिने त्यांचे तळवे सोलून निघायचे. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे — आपल्याला एक गोष्ट कळावी म्हणून दुसऱ्याचं डोकं उघडायचा हक्क आपल्याला कुणी दिला? हा प्रश्न तेव्हाही खरा होता, आजही आहे. मी हे सगळं लिहून नेलं. दादांनी वाचलं आणि कागद बाजूला ठेवला.

“पत्र्याचा ताप? अर्ध्या सातपूरच्या डोक्यावर पत्रा आहे. लोक म्हणतील, ह्यांना आता उंदरांना कूलर पाहिजे! चित्र आण, चित्र.”

मी चित्र आणलं. दादांचाच कॅमेरा. पांढरा उंदीर, समोरून, दोन्ही डोळ्यांखाली लाल ओघळ. दादांनी फोटो उजेडात धरला. मग त्यांनी मला विचारलं, आणि हे मला त्यांच्या बाजूने नोंदवलं पाहिजे — त्यांनी विचारलं होतं.

“रक्तच आहे ना गं हे? नक्की?”

“मग काय सरबत आहे?” मी म्हणाले.

मथळा माझा: ‘रक्ताचे अश्रू कोण पुसणार?’ चार शब्द. सगळं पत्रक काळ्या शाईत, लाल फक्त दोन ओघळ. छापखान्यात मशीनशेजारी उभी राहून मी तो लाल आणखी गडद करायला लावला.

पेटलं हो शहर! देवळाली कॅम्पापासून पंचवटीपर्यंत भिंती त्या उंदराने भरल्या. शाळेतली मुलं रडायला लागली. भाजीच्या गाड्यांवर पत्रक चिकटवलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. कॉलेजच्या मैदानात सभा भरली तेव्हा आत मावेनात इतकी माणसं होती. पेंढारकर मॅडम स्वतः बाहेर आल्या. हातात कागद नाही, आवाज चढलेला नाही. म्हणाल्या, हे रक्त नाही. उंदराच्या डोळ्यामागे ग्रंथी असते, तिच्यातून येणारं पाणीच लाल असतं. घाबरला, आजारी पडला, की ते जास्त येतं.

भोंगा माझ्या हातात होता. मी ओरडले, “मॅडम, मग तुमच्या डोळ्यांतून काढून दाखवा!”

हशा झाला. असा हशा, की त्यांचं पुढचं वाक्य कुणाला ऐकूच गेलं नाही. लढाई तिथेच संपली. त्या आत गेल्या. आठवड्याभरात खोल्यांना कुलूप लागलं. मॅडमनी नाशिक सोडलं. दुसऱ्या एका कॉलेजाने घाबरून आपले पिंजरे बदलले, पत्र्याखाली छत घातलं — हे चांगलं झालं, आणि ते आमच्यामुळे झालं, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. त्या रात्री दादांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “पोरी, चार शब्दांत प्रयोगशाळा बंद केलीस!” मला आनंद झाला का? झाला. आकाशाएवढा झाला.

मग आम्ही मुक्ती सोहळा केला. उंदरांचं करायचं काय, हा प्रश्न कॉलेजलाही पडला होता; आम्ही म्हणालो, सोडा. मखमलाबादच्या वाटेवर, पाटाच्या कडेला, ढोलकी, फुलं, फोटोवाले. पिंजरे उतरवायला मामाच आले होते. झाकण उघडलं, तर उंदीर बाहेरच येईनात. दाराशी बसून राहिले. एक जण दोन पावलं गेला, त्याच्या पायाला गवत लागलं, आणि तो धावत परत आत.

मामा माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, “ताई, ह्यांना बाहेरचं काय ठावं? जरा वर बघा की.”

वर तारेवर कावळे होते. ओळीने. मी पाहिले. पण फोटोवाले म्हणत होते, लवकर करा, ऊन चढतंय. मी पिंजरा उचलून तिरका केला आणि ते पांढरे जीव गवतात ओतले. घोषणा झाल्या. आम्ही टेम्पोत बसून निघालो, गाणी म्हणत.

हेच का ते, असं तुम्ही विचाराल. नाही — हेही नाही. हे सगळं मी कधी ना कधी कुणाला ना कुणाला सांगितलं आहे, ‘उत्साहाच्या भरात झालेल्या चुका’ म्हणून. कार्यकर्त्याला अशा चुका शोभतात. त्यांच्यावर टाळ्याही मिळतात.

पुढे वर्षं गेली. नवं शतक आलं, दादा थकले, शिबिरं मी घ्यायला लागले. ते पत्रक प्लॅस्टिकमध्ये घालून घेतलं होतं. दर शिबिरात ते वर धरायचं: बघा, असं लिहायचं. दर वेळी तोच हशा, तोच भोंग्याचा किस्सा. एकदा एका मुलीने विचारलं, पण ते खरंच रक्त होतं का? मी सांगितलं, आम्हाला तेव्हा तसंच वाटलं होतं. आणि पुन्हा पत्रक वर धरलं. पुन्हा डावीकडे. मला त्या गल्लीतले ते उंदीर आठवायचे का? आठवायचे. पण त्यांच्या डोक्यातला तो भाग मॅडमनी निकामी केला होता. माझा तर शाबूत होता.

गेल्या वर्षी संघटनेचा वर्धापनदिन होता. सकाळी हार सांगायला मी पंचवटीतल्या फुलबाजारात गेले. आणि झेंडूच्या ढिगामागून हाक आली, “ओ ताई! ओळखलं का?”

रंगनाथमामा. केस पार पांढरे. आता नोकरी नाही, पूर्ण वेळ शेती, मुलाबरोबर फुलं घेऊन येतात. मला वाटलं, आता काही तरी ऐकावं लागणार. मी खांदे ताठ केले. मामा तर आनंदाने नुसते उड्या मारत होते.

“मॅडमचं पत्र आलं होतं! तिकडं लांब, दुसऱ्या शहरात परत केलं त्यांनी सगळं. नवे उंदीर, नवी गल्ली, पहिल्यापासून. आणि उत्तर तेच आलं, ताई! कपाळामागचा तो भाग नसला की जुनं सोडवत नाय. असला की वळतो गडी. छापून आलंय म्हणे मोठ्या ठिकाणी. खाली लिहिलंय, मामा, आपण जिंकलो. आपण!” त्यांनी माझा हात धरला. “म्हणजे तुम्ही पण की, ताई. रेघा तर तुम्हीच मारल्या.”

मी म्हणाले, अरे वा.

“आणि दुसरी गंमत. त्या दिवशी तुम्ही लोकं गेलात ना, मी तिथंच थांबलो. पाटीवर फडकं टाकून गवतात हुडकत बसलो अंधार पडेस्तोवर. सात सापडले! कोण कुठला ते नाय कळलं, शेपटीवरची शाई पुसली होती. लय दिवस जगले फुलांच्या शेडमध्ये. बायको म्हणायची, अहो, लोकं मांजरं पाळत्यात.”

ते हसले. मीही हसले. फुलबाजार गच्च भरलेला, सगळीकडे पिवळाधमक झेंडू, त्यात हा माणूस जिंकून उभा. मॅडम जिंकल्या होत्या, सात उंदीर जिंकले होते, आणि मामांना त्या विजयात मलाही वाटेकरी करून घ्यायचं होतं. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला.

“एकच राहिलं बघा मनात. ते लाल पाणी. मी तुम्हाला सांगायला हवं होतं, ते रक्त नसतं म्हणून. मॅडमनी मला तेव्हा विचारलं, मामा, तुम्ही तिला सांगितलं नव्हतं का? मी लय आठवून बघितलं. सांगितल्यासारखं वाटायचं. पण मग म्हटलं, सांगितलं असतं तर तुमच्यासारखी शिकलेली पोरगी असं छापील कशाला? म्हणजे नसणार सांगितलं. मॅडमच्या पाया पडून म्हणालो, चूक माझीच. तिचा काही दोष नाय, मी विसरलो.”

मी काय करायला हवं होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. तोंड उघडं होतं, शब्द तयार होते.

मी म्हणाले, “जाऊ द्या मामा. होतं असं माणसाकडून. मी काही मनात ठेवलेलं नाही.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मला झेंडूची पाटीच भरून दिली. मी ती घेतली, रिक्षेत ठेवली, आणि संध्याकाळी त्याच झेंडूचे हार गळ्यात घालून स्टेजवर बसले.

आता सांगते.

फोटो काढला त्याच्या आदल्या दिवशी नव्या उंदरांचा खोका आला होता. प्रयोगात न घेतलेले, सुरी न लागलेले. त्यातल्या एकाच्या डोळ्यांखाली लाल आलं होतं. मी दचकून मामांना हाक मारली. मामांनी त्याला तळहातावर घेतलं, ओल्या कापसाने डोळे पुसले आणि म्हणाले, “घाबरू नका ताई, रक्त नाय हे. नव्या जागी आलाय ना, भ्यालाय. ह्यांचं पाणीच लाल असतं. दोन दिवसांत जाईल.” मी विचारलं, नक्की ना? मामा म्हणाले, नक्की, आणि मला पटावं म्हणून पुसलेल्या पापण्या त्यांनी उघडून दाखवल्या, कुठेही जखम नव्हती. मला पटलं. मी तेव्हा बी.एस्सी. होते, घरी जाऊन पुस्तकातही पाहिलं. पुस्तकातही तेच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामांच्या आधी तिथे पोचले, कारण मामा आले की आधी त्याचे डोळे पुसणार होते.

मामा विसरले नव्हते. त्यांनी सांगितलं होतं, नीट सांगितलं होतं, आणि मी नीट ऐकलं होतं. आणि त्या फुलबाजारात, सगळ्यांसमोर, मी त्या माणसाला माफ केलं.